तुम्ही विचारलंत म्हणून: अल्झायमरवर ‘ते’ इंजेक्शन का नाही?

पुण्यात पाषाणला किंवा विद्यापीठात मेंदूवरचं जाहीर व्याख्यान संपलं की चहाच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो. “लहान मुलांना ते १६ कोटींचं इंजेक्शन देतात ना, तसं आमच्या आईच्या अल्झायमरवर का नाही काढत? आधारपेशींमधल्या चरबीच्या रेणूंवर काम चालू आहे म्हणे.” विचारणारे वाचून आलेले असतात, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या मुलांत एक जनुक बिघडलेलं असतं. झोल्गेन्स्मा, म्हणजे ते १६ कोटींचं इंजेक्शन, त्याची चालू प्रत पोचवतं. अल्झायमरमध्ये सहसा असं एकच जनुक सापडत नाही. चरबीच्या रेणूंचा विचार उलटा आहे: घालायचं काही नाही, एक एन्झाइम कमी करायचं.

अल्झायमरमध्ये मेंदूत होणारा दाह शमवणाऱ्या रेणूचं नाव २-एजी, ओळख १९९५ ची. (त्याचा थोरला भाऊ १९९२ मध्ये सापडला. त्याला आनंदामाइड हे नाव संस्कृत ‘आनंद’वरून दिलं, तेही परदेशी मंडळींनी!) पेशी २-एजी साठवत नाही. गरज पडली की आवरणातल्या चरबीपासून बनवते, आणि काम झालं की एमएजीएल हे एन्झाइम त्याला तोडतं. तुटल्यावर उरतं ॲराकिडॉनिक आम्ल, आणि त्यातून दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनतात. म्हणजे एमएजीएल दाह शमवणाऱ्याला संपवतं आणि भडकवणाऱ्याला कच्चा माल पुरवतं. मग सगळीकडेच बंद केलं तर? उंदरांत ते करून झालं आहे. सतत पूर्ण बंद ठेवलं की २-एजीचे ग्राही (त्याला धरणारे रिसेप्टर) दाद देईनासे होतात. फक्त तारकापेशींतलं, म्हणजे ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींमधलं, काढलं तरी दाह उतरतो. खरी गोम त्या ‘फक्त’मध्ये आहे.

हे काम करणारा डीएनए पेशीत नेणारा वाहक म्हणून एएव्ही हा विषाणू घेतात. त्याच्या २५ नॅनोमीटरच्या कवचात डीएनएची साधारण ४७०० अक्षरं मावतात. दोन्ही टोकांची मिळून २९० गेली. एमएजीएलचं जनुक कापायला नेहमीचं कॅस-९ हे कात्रीसारखं प्रथिन घेतलं तर ते एकटंच ४१०० खातं, म्हणून ते बाद. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूमधलं छोटं घेतलं तर ३१६०. तारकापेशींसाठीचा आखूड जीएफएपी प्रमोटर (जनुक चालू करणारं बटण) ६८१, कुठे कापायचं ते दाखवणारा गाइड आणि त्याचा प्रमोटर मिळून साडेतीनशे. उरली जेमतेम २२०, आणि संदेशाचा शेवट ठरवणारी पॉलीएची शेपटी अजून बसायची आहे. त्यापेक्षा कापाकापी सोडून हेअरपिन आरएनएने, म्हणजे पिनेसारख्या दुमडलेल्या आरएनएने, एमएजीएलचा आवाज दाबणं सोपं. पण ती हेअरपिन सवयीने यू६ प्रमोटरखाली ठेवली तर ‘फक्त’ गेलं, कारण यू६ सगळ्या पेशींत चालतो. ती मायक्रोआरएनए-३० या पेशीतल्याच छोट्या आरएनएच्या सांगाड्यात बसवून जीएफएपीखालीच ठेवावी लागते.

जीएफएपीवरही डोळे मिटून विसंबू नये. वाहकात न्यूरोडी१ हे जनुक असलं की हा प्रमोटर न्यूरॉनमध्येही पाझरतो, हे २०२१ मध्ये दाखवलं गेलं. तारकापेशींपासून नवे न्यूरॉन झाले असं वाटत होतं, ते मुळात जुनेच न्यूरॉन होते. म्हणून प्रत्येक स्लाइडवर न्यूएन या न्यूरॉनच्या खुणेचा रंग चढवून किती न्यूरॉन चमकतात ते मोजायचं. कवचाचीही तीच तऱ्हा. पीएचपी.बी हे कवच सी५७ जातीच्या उंदरांत रक्तातून मेंदूत धडाधड शिरतं, बाल्ब-सीमध्ये नाही. ज्या प्रथिनाला धरून ते आत जातं, ते माणसात नाहीच.

मात्रेचं गणित वेगळंच. झोल्गेन्स्मा दर किलोमागे ११० लाख कोटी कण या हिशेबाने देतात. बाळाचं वजन पाच किलो, आजींचं साठ. एवढा भार यकृतावर येतो, म्हणून आदल्या दिवसापासूनच स्टेरॉइड चालू करतात. शिवाय एकदा टोचलं की कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, दुसरा डोस चालत नाही.

आणि फरक पडला हे मोजायचं कसं? मृत्यूनंतर काही मिनिटांतच मेंदूतलं २-एजी आपोआप वाढतं, म्हणून उंदराचा मेंदू तत्काळ गोठवावा लागतो. नमुन्यात २-एजी हळूहळू १-एजी या आपल्याच जुळ्या रूपात बदलतं, तेव्हा मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) दोन्हींची बेरीज घ्यायची. डिशमध्ये पेशी वाढवत असाल तर वासराच्या सीरममध्येच २-एजी असतं हे विसरायचं नाही. मोजणीआधी सीरम काढलं नाही तर आकडा वासराचा येतो.

हे सगळं उंदरात जमतं. आईच्या मेंदूचा तुकडा कोण गोठवणार?