स्टेपनीत हवा

रविवार, रात्रीचे पावणेअकरा.

बाबांशी खोटं बोलले. एवढंच झालंय, आणि एवढ्यावरून दुपारपासून माझं कशात लक्ष नाहीये. दर रविवारी फोन, आमच्याकडे दुपारचे दोन, तिकडे साडेसहा, आणि दर रविवारी ठेवताना तोच प्रश्न, "गाडी काढतेस ना? स्टेपनीत हवा आहे ना गं?" मी दर रविवारी हो म्हणते. आजही म्हणाले. फरक इतकाच की आज स्टेपनी गाडीत नव्हतीच, हॉलमध्ये चपलांच्या स्टँडशेजारी भिंतीला टेकून उभी होती, आणि मी तिच्याकडे बघत बघत हो म्हणाले.

बाकीचं काय काय हल्ली ते विसरतात... असो. हा प्रश्न विसरत नाहीत.

तर स्टेपनी काढली ती डग्ग्यासाठी. माझी गाडी (नवरा तिला आमची म्हणत नाही, तुझी म्हणतो) माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १९९६ची, ते उघडझाप करणारे दिवे असलेली. दोन माणसं आणि एक जेवणाचा डबा मावतो. छप्पर लावलेलं असलं तरी एम ४ हायवेवर ताशी ६० मैलांच्या पुढे गेलं की वारा आणि टायर मिळून असा काही गोंगाट करतात की दारातले स्पीकर नुसते चिरचिरतात. तबला लावला तर ना आणि तिं ऐकू येणार, डग्ग्यावरचा घे गायब. म्हणजे अर्धाच माणूस वाजवतोय आणि त्याचा डावा हात कोणी बांधून ठेवलाय असं वाटतं. कराडला तीन वर्षं क्लासला जाऊनही मला तो घे कधी जमला नाही, मनगट घासत आवाज वळवायचा असतो ना, तो. वाजवता येत नाही तर निदान ऐकू तरी यावा, एवढीच माझी मागणी.

मग दहा इंची वूफर आणला, खालच्या आवाजांचा स्पीकर. त्याच्या पाठीमागे बंद हवा लागते, माझ्या मॉडेलला अर्धा घनफूट, म्हणजे १४ लिटर. ही हवा स्प्रिंगसारखी काम करते, वूफरचा पडदा मागे गेला की ती दाबली जाते आणि त्याला परत ढकलते. पेटीला जरा जरी फट राहिली तर डग्गा नाही, फुसफुस ऐकू येते. आधी पुठ्ठ्याची पेटी करून बघितली, मोजमाप सगळं बरोबर, फक्त ती डिकीच्या तोंडातून आतच जाईना! या गाडीची डिकी म्हणजे लोणच्याची बरणी, आत बरीच जागा पण हात घालायला तोंड एवढंसं. त्यात उजव्या कोपऱ्यात बॅटरी, कारण इंजिनापाशी ठेवली असती तर पुढे-मागे वजन सारखं झालं नसतं, आणि उरलेली निम्मी डिकी व्यापून स्टेपनी. दुसरी पेटी पाचरीसारखी तिरकी केली, १८ मिलिमीटरच्या एमडीएफची, आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉन. तीही बसेना. बॅटरी काही हलवता येत नाही. मग उरलं कोण?

गंमत म्हणजे बॅटरी डिकीत असल्यामुळे वायरिंग अगदी सोपं झालं. लोक बॉनेटपासून मागपर्यंत केबल ओढतात, मला दोन फूट पुरली, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. बॅटरीच्या नळ्या तेवढ्या जिथल्या तिथे आहेत ना ते दोनदा बघितलं, चार्जिंगला निघणारा हायड्रोजन त्यांतूनच बाहेर जातो, बंद डिकीत तो साठू द्यायचा नसतो. अर्थिंगसाठी एका पेनीएवढा रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा लागला, आणि इथल्या, वेल्समधल्या स्वान्सीच्या पावसात एवढ्या जुन्या गाडीचा रंग स्वतःच्या हाताने खरवडायचा म्हणजे... डोळे मिटून केलं. वर ग्रीस फासलं.

पण पेटी बसवायची कशी? स्क्रू मारायची सोय नाही. डिकीच्या पुढच्या पत्र्यापलीकडे पेट्रोलची टाकी आहे, सीट आणि डिकीच्या मधोमध, तिकडे ड्रिल घेऊन जायचं नाव काढायचं नाही. आणि नुसती ठेवली तर ब्रेक मारल्यावर सगळं त्याच पत्र्यावर येणार. अर्धा तास डिकीत डोकं घालून बसले आणि मग दिसलं की स्टेपनी जिने धरून ठेवलेली असते ती बोल्टची जागा तर रिकामीच आहे. पट्टा त्यातून घेतला आणि पेटी आवळली. जिथे स्टेपनी होती तिथेच, तिच्याच बोल्टला. तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. आता वाटतंय की कुणाच्या तरी खुर्चीत जाऊन बसले.

हा संध्याकाळी आला, म्हणाला, "ही इथे का?" मी म्हणाले, डग्गा बसवला. "बरं," म्हणाला आणि तिच्यावर ओली छत्री टांगून आत गेला.

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, फोननंतर. इतकी वर्षं मोठ्या गाड्या चालवल्या, कारसीट, पोरांचे क्रिकेटचे किट, कुणाकुणाचे विमानतळावरचे दोन-दोन बॅगांचे पाहुणे, डिकी म्हणजे जगाची. आता कुठे एक टीचभर डिकी माझी एकटीची झाली, तर तिच्यातही आधीपासून बाबांची स्टेपनी बसलेली. माझ्यासाठी कुणी कधी जागा केली का, वगैरे वगैरे. पन्नाशी उलटलेल्या बाईने वूफरवरून एवढा गळा काढावा. हे लिहून वाचलं आणि मलाच हसू आलं.

बाजू मांडायची तर माझ्याकडे भरपूर आहे. माझदाने स्वतःच २००५च्या तिसऱ्या पिढीपासून या गाडीतली स्टेपनी काढून टाकली, तिच्या जागी पंक्चरच्या औषधाची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. या देशात स्टेपनी ठेवलीच पाहिजे असा कायदा नाही. मीही तसला किट मागवलाय, उद्या येईल. टायरची बाजू फाटली तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही, ते वेगळं. पण यातलं काहीही बाबांना सांगता येत नाही. कुंभार्ली घाटात जे झालं ते झालं, त्यावर आमच्या घरी कोणी बोलत नाही, फक्त त्यानंतर फियाट अंगणातून निघायच्या आधी बाबा डिकी उघडून स्टेपनीला अंगठा दाबून बघायचे. शेजारच्या गावाला जायचं असलं तरी.

आणि हे बघा, मी आज गेले कुठे, तर लॅनेथ्लीला. अर्ध्या तासावर आहे. इथे कोणाला स्टेपनी म्हणून बघा, तोंडाकडे बघत राहतात, माझ्या वॉर्डमधल्या सिस्टरला वाटलं मी लंडनच्या भागाबद्दल बोलतेय. पण हा शब्द इथलाच, लॅनेथ्लीतल्या स्टेपनी स्ट्रीटचा. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४मध्ये आरे नसलेली रिम काढली, तिच्यावर हवा भरलेला टायर, पंक्चर झालं की मूळ चाक न काढता ती शेजारून क्लॅम्पने अडकवायची आणि निघायचं. तोपर्यंत पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर उतरवणं आलं. इथले लोक नाव विसरले, आणि आपल्याकडे सगळ्या घाटांत, सगळ्या टायरवाल्यांच्या पाटीवर ते राहिलं. तर त्या रस्त्यावर मी आज स्टेपनी घरी ठेवून गेले. गाडी लांब लावून चालत गेले, दुकानं बघितली, पाऊस आला, परत आले.

येताना वाजवलं. पहिली पाच मिनिटं निराशाच, डिकी आणि सीटच्या मध्ये टाकी आणि पत्रे, त्यामुळे डग्गा असा येत होता जसा शेजारच्या हॉलमधल्या लग्नाचा बँड येतो. वरून नंबरप्लेट फर्रर्र करत होती. गाडी कडेला घेतली, नंबरप्लेटमागे वहीचं पुठ्ठं खोचलं, ८० हर्ट्झच्या वरचे सगळे आवाज वूफरला बंद केले, फेजचं बटण उलटं केलं, आणि विलंबित चालू होतं त्यात तो आला. घे. वळून, खाली जाऊन, सीटच्या पाठीतून माझ्या बरगड्यांत. मी कडेलाच थांबून राहिले दोन आवर्तनं. एक बाई काच वाजवून विचारून गेली, गाडी बंद पडलीये का.

तेव्हा दीड वाजला होता. घरी आले आणि दोनला फोन.

थांबा, एक मिनिट, बघून येते.

आले. छत्री बाजूला केली, वॉल्व्हला गेज लावला. टायरवर लिहिलंय ६०. आहेत २२.

म्हणजे आजचं पहिलं नव्हतंच. ही गाडी घेऊन सहा वर्षं झाली, सहा वर्षं दर रविवारी मी हो म्हणतेय आणि एकदाही अंगठा लावून बघितला नाही. इतके दिवस खोट्याला निदान डिकीचं झाकण तरी होतं.

मग पायपंप काढला. रात्री अकराला हॉलमध्ये चपलांच्या मध्ये उभी राहून पंप मारत होते, हा वरून ओरडला, काय चाललंय खाली? मी काही बोलले नाही, दम नव्हता. ४०पर्यंत सोपं जातं, पुढे पाय थरथरतो. ५०ला थांबून पाणी प्यायले.

६० झाले. छत्री परत टांगली.

पुढच्या रविवारी ते हवा आहे का विचारतील. कुठे आहे ते बाबांनी अजून कधी विचारलेलं नाही.