माझी मेणबत्ती

काल धाकटीच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती करतात त्या संस्काराचा, वाढदिवस झाला. घरची रीत आता ठरून गेलीय. ट्रंकेतलं पांढरं झबलं काढायचं, आल्तारापुढे, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यापुढे, तिला बाप्तिस्म्यात मिळालेली मेणबत्ती पेटवायची, सगळ्यांनी मिळून सैतानाचा त्याग पुन्हा म्हणायचा, पवित्र पाण्याने कपाळावर क्रूस काढायचा आणि मग गोड म्हणून कुंदा. पोप फ्रान्सिस यांनी ८ जानेवारी २०१४ ला लोकांना सांगितलं होतं, घरी जा आणि आपल्या बाप्तिस्म्याची तारीख विचारा. ते वाचल्यापासून आमच्याकडे हे सुरू झालं. मुलांच्या तारखा मला पाठ आहेत.

मेणबत्ती विझवताना धाकटी म्हणाली, "मम्मी, तुझी कुठाय?"

नंदगडला आईला फोन लावला. "होती की गं. पावसात चार दिवस लाईट नव्हती, तेव्हा पेटवली. संपली."

संपली. एवढंच. देवळातल्या पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून माझ्या नावाने हातात दिलेली ती मेणबत्ती, आणि तिच्या उजेडात भाकऱ्या भाजल्या. दादाची कापसात गुंडाळून कपाटात आहे अजून. त्यावर नाही लिहीत.

रात्री झोपच येईना. उठून जुनी फाईल काढली. लग्नाच्या वेळी काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला होता, तेव्हा फक्त नावाचं स्पेलिंग तपासलेलं. तारीख २१ जुलै. जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी? भर पावसात मला देवळात नेलं कसं?

सकाळी आईला परत विचारलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "नेलं कुठं? सातव्या महिन्यातली तू. रात्र काढशील असं वाटत नव्हतं. ओढ्याला पाणी, फादरना आणायचं कसं? आत्याने घातलं पाणी."

तांब्यातलं पाणी, तीनदा. "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." अशा वेळी कुणीही देऊ शकतं, हे मला कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवलेलं. ते कुणी कुणाला दिलं असेल, हे कधी मनात आलं नाही. पुढे ऑक्टोबरात देवळात नेलं, तेव्हा फादरनी आधी आत्याला विचारलं, नेमके कुठले शब्द म्हणालीस? तिने सगळ्यांसमोर म्हणून दाखवले. त्यांनी पुन्हा पाणी घातलं नाही. तेल लावलं, पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती दिली. दाखल्यावर मात्र तारीख स्वयंपाकघरातली.

म्हणजे मेणबत्ती नंतरची. तरी ती हवी होती. आत्ता लिहितानाही हवीच वाटतेय.

तो तांब्या अजून आईच्या चुलीजवळ असतो, काठाला पोचा आलेला. दर सुट्टीत मी त्यातूनच पाणी पिते.

आत्याशी आमचं बोलणं नाही, जमिनीचं झालं तेव्हापासून. तिला आता नीट दिसत नाही म्हणे. कॅलेंडरवर २१ जुलैला खूण केलीय. आईकडे तिचा नंबर मागायचा राहिला. संध्याकाळी मागते.