ऑर्लँडोचा डायनिंग प्लॅन: शाकाहारी घराचा हिशेब

अमेरिकेत ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाताना डिस्नेच्या हॉटेलसोबत जेवणाचे पैसेही आधीच भरता येतात, तो डायनिंग प्लॅन. त्यात आपल्याकडची माणसं पहिल्यांदा फसतात ती एका शब्दावर. प्लॅन दिवसावर नसतो, रात्रीवर असतो. चार रात्री हॉटेलात राहिलात तर माणशी चार रात्रींची क्रेडिट (एक क्रेडिट म्हणजे एक जेवण किंवा एक स्नॅक) मिळतात आणि जेवायचं मात्र पाच दिवस. ही क्रेडिट चेक-इनलाच एकदम जमा होतात. कधी किती वापरायची यावर बंधन नाही, फक्त चेक-आउटच्या दिवशी रात्री बाराला उरलेली सगळी संपतात.

आम्ही २०२४ मध्ये गेलो तेव्हाचे दर देतो. साध्या क्विक सर्व्हिस प्लॅनला मोठ्या माणसाला रात्रीमागे ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वयाच्या मुलाला २३.८३. त्यात काउंटरवरची दोन जेवणं, एक स्नॅक आणि मुक्कामभर हॉटेलात पेय भरून घ्यायचा एक मग (मोठा कप). मोठ्या प्लॅनला ९४.२८ आणि २९.६९, त्यात एक काउंटरवरचं जेवण, एक टेबलावर बसून, एक स्नॅक आणि तोच मग. नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी, चार रात्री: साधा प्लॅन ५५१.४० डॉलर, मोठा ८७३. हे दर बदलत राहतात, म्हणून आकडेमोड स्वतःच्या वर्षाच्या दरांनी करायची.

आता आपल्या ताटाचा हिशेब. काउंटरवर शाकाहारी पदार्थ आणि कोल्ड्रिंक मिळून साधारण २० डॉलर होतात. अशी दोन जेवणं, त्यावर सहा-सात डॉलरचा स्नॅक आणि साडेसहा टक्के टॅक्स धरला तरी दिवसाचे पन्नासच होतात. म्हणजे ५७ भरून ५० चं खाल्लं. तो पेयाचा मग वेगळा घेतला तर विसेक डॉलरचा, तो चार दिवसांवर वाटला की जेमतेम बरोबरी होते, तीही हॉटेलात सकाळ-संध्याकाळ भरून घेतला तर. पार्कात तो भरून मिळत नाही. जेवणासोबतच्या पेयात २१ वर्षांवरच्या माणसाला बिअर, वाइन, कॉकटेल चालतं आणि प्लॅन वसूल होतो असं सांगणारे बहुतेक याच जोरावर सांगतात. न पिणाऱ्या घराने त्यांचं गणित उसनं घेऊ नये.

मोठ्या प्लॅनमध्ये खरा फायदा मुलांचा आहे. मिकी-गूफी टेबलापाशी येतात त्या बुफेत मुलाचं एक ताटच ३५-४० डॉलरला पडतं आणि मुलाचा अख्ख्या दिवसाचा प्लॅन २९.६९ चा होता. मोठ्यांचं मात्र टेबलाचं जेवण साठ डॉलरच्या वर गेलं तरच ९४ भरून निघतात. साध्या रेस्टॉरंटमध्ये पास्ता मागवून ते क्रेडिट घालवलं की पंचवीस-तीस डॉलर गेलेच समजा. म्हणून टेबलाची क्रेडिट फक्त बुफेवर खर्चायची. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं बोमा आमच्या जिभेला सगळ्यात मानवलं: डाळी, भात, मसाल्याच्या भाज्या, आणि वाढून घेताना भांड्यात काय आहे ते समोर दिसतं. त्याच हॉटेलातलं सना भारतीय धाटणीचं. तिथली नान आणि चटण्यांची थाळी मात्र स्टार्टरमध्ये मोडते आणि प्लॅनमध्ये जेवण, गोड आणि पेय एवढंच धरतात. मागवण्याआधी विचारायचं. काउंटरवाल्यांत अ‍ॅनिमल किंगडम पार्कातल्या सातुली कँटीनचा टोफूचा बोल पोटभर होतो. मेनूत पानाचं चिन्ह असलेल्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध काहीच नसतं. चिन्ह नसलेला 'व्हेज' पदार्थ विचारूनच घ्यावा.

एकाच बुकिंगमध्ये तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. आई-बाबा सोबत असतील, आणि त्यांचं जेवण म्हणजे दोघांत एक प्लेट आणि वर घरचा चिवडा, तर त्यांची खोली वेगळ्या बुकिंगवर, बिनप्लॅनची घ्यावी. मूल दहा वर्षांचं झालं की मोठ्यांत धरतात. वाढदिवस जवळ असेल तर आधी सहल, मग केक! तीन वर्षांखालच्याला प्लॅन लागत नाही, बुफेत तो फुकट जेवतो.

बुफेच्या जागा ६० दिवस आधी उघडतात, तिकडच्या सकाळी सहाला. उन्हाळ्यात ते आपल्याकडे दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्याला त्याच दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची बुकिंग एकदम करता येतात. त्या तासात जागा नाही मिळाली तर मोठ्या प्लॅनचा अर्थच उरत नाही. उलट आधी जागा, मग प्लॅन कोणता ते ठरवा. बुफेला जायचं रद्द झालं तर किमान दोन तास आधी कळवायचं, नाहीतर माणशी १० डॉलर कापतात.

टीप प्लॅनमध्ये नाही. क्रेडिट देऊन जेवलात तरी बिलावर मूळ रक्कम येते आणि तिच्यावर १८ ते २० टक्के टीप खिशातून द्यायची. दीडशे डॉलरचं टेबल असेल तर २७ ते ३०. चार रात्रींच्या चार बुफेंचे एकशेवीस डॉलरपर्यंत हिशेबात आधीच धरा.

स्नॅकची क्रेडिट सगळ्यात सहज वाया जातात. चार डॉलरच्या पाण्याच्या बाटलीवर ती घालवू नका. कोल्ड्रिंकचं मशीन असलेल्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं. केळंही स्नॅकमध्ये बसतं. रावेर-यावलच्या माणसाने दिवसाचं एकुलतं क्रेडिट एका केळ्यावर खर्चावं, यापरता तोटा नाही. डोल व्हिप (अननसाचं सॉफ्टी) किंवा मिकीच्या कानांचं आइस्क्रीम घ्या.

मधल्या भुकेला घरचं न्यावं. पार्कात स्वतःचं खाणं चालतं. काचेची बाटली, बरणी आणि दारू चालत नाही. खाकरा, शेव, केळ्याचे वेफर्स, तळलेले बिबडे डब्यात छान टिकतात. ताजी फळं विमानातून नेऊ नका आणि कस्टममध्ये खाण्याच्या वस्तू आहेत का विचारलं की 'हो' सांगा.

प्रत्येक पावतीवर उरलेली क्रेडिट छापून येतात. काउंटरवर ऑर्डर देण्याआधीच 'डायनिंग प्लॅन' म्हणायचं, कार्ड घासल्यावर नाही. शेवटच्या सकाळी पावती बघितली, तर स्नॅकची एक-दोन बहुधा निघतातच. हॉटेलातल्याच दुकानात त्यांचा पाकीटबंद खाऊ घ्या, परतीच्या विमानात मुलांना लागतो.