हेमकुंडच्या वाटेवरचा कोबी

घांघरियातून पहाटे पाचला निघालो तेव्हा अंधार होता, बारीक पाऊस होता आणि मावशी काठी टेकत माझ्या पुढे. हेमकुंड साहिब, म्हणजे उत्तराखंडातला तळ्याकाठचा शिखांचा गुरुद्वारा, तिथून 6 किमी फक्त, पण चढ असला की दर वळणाला वाटतं आता बसकण मारावी, 4,000 मीटरच्या वर जायचं असतं ना. उतरणाऱ्या सरदारजींना किती राहिलं विचारलं की सगळ्यांचं एकच, बस थोडासा, वाहेगुरू बोलो. त्या थोड्याशाला अजून दोन तास लागले.

खरं सांगते, मला कुंडापेक्षा ब्रह्मकमळ बघायचं होतं, म्हणून तर ऑगस्टअखेर गाठली. मावशीचं ठाम मत की आपल्या कुंडीत आहे तेच असणार, रात्री फुलतं, शेजारी जमतात, आपण ओवाळतो. शेवटच्या पायऱ्यांपाशी दगडांत पहिलं दिसलं तर म्हणे, अगं हा तर कोबी! आणि होतंच तसं, फिकट पिवळसर कागदी पाकळ्या, तेही दिवसाढवळ्या. त्या पाकळ्यासुद्धा नाहीत, पानंच ती, आतली बारकी जांभळी फुलं थंडीपासून झाकायला. हे सूर्यफुलाच्या कुळातलं, आणि आपलं कुंडीतलं म्हणजे मेक्सिकोकडचं निवडुंग. इतकी वर्षं निवडुंगाला ओवाळलं म्हणून मावशी जरा हिरमुसली.

पण गोष्ट तिला पाठ. वनपर्वात द्रौपदीला वाऱ्यावर उडत आलेलं सौगंधिक मिळतं, अजून हवीत म्हणते, भीम निघतो आणि वाटेत म्हाताऱ्या माकडाची शेपटी काही हलत नाही, तो मारुतीराया. ते फूल हेच असं इकडे बरेच जण सांगतात, बद्रीनाथच्या रस्त्यावर हनुमानचट्टीला शेपटीची जागाही आहे. मला पटत नाही, सौगंधिक कुबेराच्या तळ्यातलं कमळ आणि हे खडकात उगवलेलं, वासही उग्र. मावशी म्हणाली, भीमाला कुठे बॉटनी येत होती?

वर धुकंच धुकं, तळं दिसेना, लंगरचा गरम चहा आणि खिचडी मात्र अमृत. काठावरच्या लक्ष्मण मंदिरात ब्रह्मकमळं वाहिलेली. बाहेर एकजण चारपाच तोडून बॅगेत कोंबत होता, मावशीने त्याला शुद्ध मराठीत झापलं. एक अक्षर कळलं नसावं त्याला, पण पुढचं फूल काही त्याने तोडलं नाही.