एका दिरहमचा वारा

सोमवार, नेरूळ. जूनचा पहिला आठवडा.

दुपारी लेकीचा फोन. दुबईतला बाहेर जायचा मोसम संपला म्हणाली. सतरंज्या, कोळशाची शेगडी, घडीच्या खुर्च्या, सगळं गाडीच्या डिकीतून निघून कपाटात गेलं. ग्लोबल व्हिलेजची जत्रा बंद, मिरॅकल गार्डनची फुलबाग बंद. आता ऑक्टोबरशिवाय कुणी सतरंजीचं नाव काढणार नाही. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात मजूर लावायला कायद्यानेच बंदी असते, यावरून काय ते समजावं. "मग संध्याकाळी जाता कुठे?" विचारलं. म्हणे, "मॉलमध्ये चालायला." पूर्वी हे ऐकून मला हसू यायचं. एवढ्या पैशांची नोकरी, आणि फिरायला दुकानांच्या गल्ल्या! दिवाळीनंतर जाऊन तिथे राहून आले, तेव्हापासून हसत नाही.

इकडे बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाळी सहलीची भांडणं सुरू झालीत. त्यांची घरं बंद व्हायच्या वेळी आमची उघडतात. मधे फक्त समुद्र, आणि घड्याळात दीड तासाचा फरक.

मंगळवार

तिथे काय काय पाहिलं ते लिहून ठेवायचं राहूनच गेलंय. मोठ्या गोष्टी आधी उरकते. बुर्ज खलिफा, ८२८ मीटर. मान दुखली. कारंज्याचा नाच छान, गर्दी दादर स्टेशनसारखी. मॉलमधला बर्फ काचेतूनच पाहिला, आत गेलो नाही. गुडघ्यांचा प्रश्न होता, आणि तिकिटाचा आकडा ऐकून ह्यांच्या कपाळावरच्या आठ्यांचाही.

वाळवंटाची सफारी मात्र जावयांनी आग्रहाने घडवली. वाळू सुरू झाली तशी ड्रायव्हरने गाडी थांबवून चारही चाकांतली थोडी हवा काढली. मी घाबरले. चाक मऊ झालं की वाळूवर पसरतं आणि रुतत नाही, हे जावयांनी समजावलं, पण पुढच्या पंधरा मिनिटांत त्या ज्ञानाचा पोटाला काही उपयोग झाला नाही. टेकडीवर चढायचं आणि कडेला तिरकं घसरायचं, पुन्हा चढायचं. नात खिदळत होती, ह्यांनी डोळे मिटून रामरक्षा धरली होती. मग तंबू, ससाणा हातावर घेऊन फोटो, नाच, जेवण. ससाण्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी होती. त्याला बिचाऱ्याला कोण फोटो काढतंय हे कळतही नव्हतं.

मला त्यातलं एकच आवडलं, आणि त्याचे पैसे नव्हते. जेवणाआधी चपला काढून जरा लांब गेले. दिवसभर तापलेली वाळू, पण सूर्य गेल्यावर तासाभरात वरचा थर गार. लालसर रंग लोखंडाच्या गंजाचा, हे नातीने सांगितलं. तिला शाळेत शिकवलंय.

बुधवार

आज पाऊस आला असं वाटलं, पण चार थेंब टाकून गेला.

अल कुद्राबद्दल लिहायला बसले. शहराबाहेर वाळवंटात माणसांनी खोदलेली तळी आहेत. एक तर दोन बदामांच्या आकाराचं आहे. २०१८ साली ते उघडलं तेव्हा लेकीने विमानातून काढल्यासारखे फोटो पाठवले होते. जमिनीवरून बदाम कुठे दिसतो? दिसतं ते पाणी, काठाची झुडपं, बदकं, आणि त्याभोवती गाड्यांची रांग. तिथल्या मराठी मंडळींचा पाच-सहा कुटुंबांचा गट आहे, त्यांच्याबरोबर गेलो होतो. कुणी पंजाबी कबाब भाजत होतं, कुणी फिलिपिनो पोरं गिटार घेऊन, पलीकडे एक अरबी कुटुंब गालिचा अंथरून चहाचा थर्मास मधे ठेवून बसलेलं. आमच्याकडे थालीपिठाची भाजणी, ठेचा आणि चार वांगी. वांगी कोळशावर भाजून तिथेच भरीत केलं. विस्तव थेट वाळूवर पेटवायचा नाही, शेगडी पायांवर उभी हवी, आणि निघताना राखसुद्धा भरून न्यायची. दंड होतो. आमच्या गटातल्या एका नागपूरच्या वहिनींनी तर कांद्याची सालंही पिशवीत भरली, आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी सिडकोची प्रतिनिधी आहे.

मला नवल वाटलं ते त्या माणसांच्या तोंडांचं. आपल्याकडे तळ्याकाठी गेलेला माणूस पाण्याकडे बघतो कुठे? तो भजी शोधतो. इथे दोन-दोन तास माणसं पाण्याकडे तोंड करून बसली होती. करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. लेक म्हणाली, "आई, आठवडाभर एसीत असतो गं. इथे फक्त पाणी आणि झाड बघायला येतो." २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी आणि सरकारी कचेऱ्या शुक्रवारी अर्धा दिवस. त्या अर्ध्या शुक्रवारीच निम्मं शहर असं पाण्याच्या शोधात निघतं. कुणी तळ्यावर, कुणी समुद्रावर. उन्हाळ्यात तेही रात्रीच. २०२३ मध्ये तिथे काही किनाऱ्यांवर मोठे दिवे लावून रात्रभर पोहायची सोय केली.

हत्तालाही एक दिवस गेलो, शंभरावर किलोमीटर लांब. डोंगर उघडे, तपकिरी, आणि मधे धरणाचं हिरवं-निळं पाणी, त्यात रंगीत कयाक. सगळे ओहो करत होते. हे शांतपणे म्हणाले, "आपलं मोरबे धरण याच्यापेक्षा केवढं तरी मोठं." खरं आहे. पण मोरब्याचं पाणी आमच्या नळाला येतं म्हणून त्याकडे बघायला इथे कुणी कधी गेलेलं मला माहीत नाही. मीही नाही.

गुरुवार

मुश्रीफ पार्कमधली गंमत राहिली. तिथे नातीने एका झाडाखाली आम्हाला उभं केलं. बारीक पानं, खडबडीत खोड, काटे. "आजोबा, हे घाफ. आमचं राष्ट्रीय झाड." ह्यांनी पान बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ही तर शमी!" गणपतीच्या पत्रीतली, पांडवांनी शस्त्रं लपवली ती शमी. जावयांनी मोबाइलवर शोधून पाहिलं, खरंच तेच झाड, राजस्थानातली खेजडी तीच. मुळं खूप खोल जातात म्हणून वाळवंटातही हिरवी राहते. हे दोन पानं देवाला घेऊन जाऊ म्हणून हात वर करतात न करतात तोच जावई ओरडले, "बाबा, नको!" बागेतलं पान तोडलं तर कुणी दंड करील अशी त्यांना धास्ती. ह्यांनी हात जोडून नमस्कार केला, आणि झाडावरच वाहिली असं समजा म्हणाले.

पण मला सगळ्यात आवडला तो अब्रा. दुबईच्या खाडीवरची लाकडी होडी. बर दुबईहून देऱ्याला एका दिरहममध्ये नेते. बाजूला कठडा नाही, मधे एक लांब बाक, त्यावर दोन्हीकडे तोंड करून माणसं पाठीला पाठ लावून बसतात. समोरून मालाची गलबतं, त्यांवर फ्रिज, टायर, गाद्या. डिझेलचा वास, मसाल्याचा वास. वाशीचा खाडीपूल आम्ही आयुष्यभर ओलांडला, पण खाडीचं पाणी हाताला लागलं ते तिथे.

दुसऱ्यांदा गेलो तो रविवार होता. शेजारी तिशीतला एक मुलगा. आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "काकू, कुठले तुम्ही?" तो खेडचा. बांधकामावर, आठवड्यातून एक सुट्टी. मी विचारलं, सुट्टीत काय करता. म्हणाला, "सकाळी कपडे, मग घरी फोन. संध्याकाळी इकडे येतो. एका दिरहममध्ये वारा मिळतो. उतरायचं, पुन्हा बसायचं. चार वेळा केलं तरी चार दिरहम." देऱ्याच्या बाजूला उतरल्यावर दिसलं, काठावर आणि हिरवळीवर शेकडो माणसं, बहुतेकांच्या हातात मोबाइल उभा धरलेला. पलीकडे कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचं रांगतं पोर. त्यांना खाडी दाखवत होते. ह्या शहराच्या सहलींच्या जाहिरातींत ही माणसं कुठे नसतात, पण खाडीकाठी सगळ्यात जास्त बसलेली तीच.

शनिवार

आज सकाळी ह्यांच्याबरोबर पाम बीच रोडच्या मागे, चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेच्या बाजूच्या पाणथळीवर गेलो. फ्लेमिंगो गेले. कच्छकडे गेले असतील.

दुबईत खाडी जिथे संपते तिथे रास अल खोरला फ्लेमिंगो आहेत. लाकडी आडोशात उभं राहून दुर्बिणीतून बघायचं, तिकीट नाही. मागे सगळ्या मनोऱ्यांची रांग, पुढे चिखलात गुलाबी पक्षी. २००७ पासून ती जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आपली ठाण्याची खाडी २०२२ मध्ये आली. रास अल खोरच्या पहारेकऱ्याला मी हिंदीत अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे याच्या कित्येक पट असतात, घरापासून चालत. त्याने विचारलं, मग आडोसा कुठे आहे? मी म्हटलं, रस्त्यावरूनच दिसतात. त्याला ते पटलं नाही, की समजलं नाही, कोण जाणे.

आपल्याकडे रस्त्यावर फ्लेमिंगोंचे पुतळे मात्र भरपूर. खऱ्यांच्या तळ्यात, नेरूळच्या डीपीएस तळ्यात, मधे भरतीचं पाणी येणं अडलं होतं, २०२४ मध्ये पक्षी मेले. त्याच मे महिन्यात घाटकोपरवर, मुंबईत उतरणाऱ्या विमानाला धडकून तीसहून अधिक गेले. ते विमान दुबईहूनच येत होतं. ही बातमी तेव्हा मनाला लागली नाही, आडोशात उभी असताना आठवली. २०२५ मध्ये त्या तळ्याला राखीव क्षेत्र करायचं ठरलं, ते चांगलं झालं. त्यासाठी कितीतरी सकाळी तिथे फलक धरून उभी राहिलेली माणसं आमच्या ओळखीची आहेत. आम्ही त्यांत नव्हतो, आम्ही चालून घरी यायचो.

दुबईवाले समुद्रात भराव घालून खजुराच्या झाडाच्या आकाराची बेटं बांधतात, तेव्हा निसर्गाचे धडे आपण त्यांच्याकडून घ्यावेत असं मला म्हणायचं नाही. पण जिथे पाणी नाही तिथली माणसं पाण्याकडे बघायला खास वेळ काढतात, एवढं मी पाहून आले.

रविवार

लेक आणि नात जुलैत येताहेत, शाळेच्या सुट्टीत. नातीने फोनवर यादी सांगितली: पावसात भिजायचं, डबक्यात उड्या, गमबूट हवेत, कणीस. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिने तिथे पाऊस पाहिलाय, पण तो रस्ते बुडवणारा, शाळा बंद करणारा. भिजायचा पाऊस तिला ठाऊक नाही.

हे म्हणाले खारघरला पांडवकडा धबधब्याला नेऊ. मी आठवण करून दिली, पावसाळ्यात तिथे मनाई असते, गेल्या वर्षी पोलिसांनी नाक्यावरूनच परत पाठवलं होतं. कर्नाळा किल्ला म्हटलं तर ह्यांचे गुडघे. शेवटी ठरलं की पहिले चार दिवस कुठेच जायचं नाही, बिल्डिंगची गच्ची पुरे. तिथलं पाणी जायचं भोक सेक्रेटरींनी यंदा साफ करून घेतलंय. ते जुलैत थोडा वेळ बोळा घालून बंद ठेवता येईल का, हे त्यांना कोणत्या तोंडाने विचारायचं, त्यावर आमचं अजून एकमत नाही.