बी ५२ चा हिवाळा

मे महिन्यात मी शिवणाच्या टेपने माझ्या बी ५२ चा सगळ्यात मोठा सापळा मोजला. बी ५२ ही व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाची मोठ्या सापळ्याची जात, आणि सापळा म्हणजे किडा शिरला की मिटणारं पानाचं टोक. कडेचे दाते सोडून, बिजागरीच्या अंगाने, ४.६ सेंटिमीटर. तीन वर्षांपूर्वी हेच झाड कुरिअरने आलं तेव्हा त्याचा सापळा माझ्या करंगळीच्या नखाएवढाही नव्हता. मधल्या काळात काय काय केलं, ते सगळं लिहून ठेवते आहे. साताऱ्यासारख्या गावात, साध्या गच्चीवर, बोअरच्या पाण्याच्या घरात हे जमवायचं असेल तर त्याची माहिती मला मराठीत कुठे सापडली नव्हती.

मांसाहारी झाडांचं वेड मला कासच्या पठाराने लावलं. सप्टेंबरात सगळे रंगीत फुलांचे फोटो काढत असतात, आणि पायाखालच्या ओल्या कातळावर दवबिंदू नावाचं रोपटं चिकट थेंब लावून बसलेलं असतं. सीतेच्या आसवांची फुलं दिसायला नाजूक निळी, पण मातीखाली त्या रोपाच्या बारीक पिशव्या पाण्यातले जीव गिळत असतात. जांभ्याच्या त्या पातळ मातीत अन्न जवळपास नसतंच, म्हणून ही झाडं किड्यांवर भागवतात. व्हीनस फ्लायट्रॅपचंही तेच. अमेरिकेत नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनात, विल्मिंग्टन शहराभोवतीच्या साधारण सव्वाशे किलोमीटरच्या टापूत, पाइनच्या मोकळ्या रानातल्या ओल्या, वाळूमिश्रित, निकस जमिनीत ते वाढतं. जगात दुसरीकडे कुठे ते मूळचं नाही. तिथेही त्याच्या तोंडी माश्या फार लागत नाहीत, मुंग्या आणि कोळीच जास्त.

हे वाचलेलं असूनही पहिलं झाड मी मारलं. पुण्यातल्या एका नर्सरीतून साधा फ्लायट्रॅप आणला आणि प्रेमाने लाल माती, गांडूळखत, थोडी वाळू अशा कुंडीत लावला. तीन आठवड्यांत मधला कोंबसुद्धा काळा पडला. जी मुळं निकस जमिनीत राहायला घडली आहेत, त्यांना खतातले क्षार भाजून काढतात. ते झाड गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा ठरवून मोठ्या सापळ्याची जात मागवली. बी ५२, साउथ वेस्ट जायंट, डीसी एक्सएल, स्लॅक्स जायंट ही नावं तुमच्याही वाचनात येतील. या वेगळ्या प्रजाती नाहीत, एकाच झाडाची निवडून ठेवलेली रूपं आहेत, आणि फुटवे काढून किंवा टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या पेशींपासून, वाढवली तर जात शुद्ध राहते. बियांतून ती जशीच्या तशी येत नाही. म्हणून ‘जायंट फ्लायट्रॅपचं बी’ अशी पाकिटं विकायला दिसली तर पैसे घालवू नका. मला आलेलं रोप टिश्यू कल्चरचं होतं, ओल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात गुंडाळलेलं, मूळ उघडं. पाकिटावर बी ५२ लिहिलेलं आणि आत साधारण आठ मिलिमीटरचे चार सापळे. नाव मोठं असलं तरी झाडाला मोठं व्हायला वर्षं लागतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पाण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ६४०. फ्लायट्रॅपला ५० च्या खाली हवा. घरात आरओ आहे, म्हणून निर्धास्त होते. दोन महिन्यांनी ट्रेच्या कडेला पांढरा थर दिसला, पानांची टोकं तपकिरी झाली. तेव्हा दोनशे रुपयांचं टीडीएस मीटर मागवलं आणि आरओच्या नळाखाली धरलं, तर ११२! चव यावी म्हणून मशीन थोडं कच्चं पाणी परत मिसळत होतं. सर्व्हिसवाल्या दादांना बोलावून कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू बंद करून घेतला, आकडा तिशीवर आला. आरओ आहे म्हणून विश्वासाने ओतू नका, आधी मोजा.

खरं पाणी पावसाचं. पन्हाळीखाली लगेच पिंप ठेवायचं नाही, पहिले दोन-तीन जोरदार पाऊस छत धुऊन जाऊ द्यायचे. मग जूनअखेरीपासून मी ५० लिटरची चार पिंपं भरून घेते. तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी कापड घट्ट बांधते, नाहीतर डासांची पैदास होते. पाच कुंड्यांना उन्हाळ्यात रोज लिटरभर लागतं, तेव्हा दोनशे लिटर वर्षभर पुरत नाही. पण मार्च ते मे या कठीण महिन्यांसाठी मी ते राखून ठेवते आणि एरवी आरओवर भागवते. कुंडी ट्रेमध्ये, ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर पाणी. पावसाळ्यात ट्रे काढून टाकते.

मातीच्या जागी पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), निम्मं निम्मं. पीट मॉस महाग म्हणून मी एका कुंडीत कोकोपीट वापरून पाहिलं, चार वेळा धुऊनसुद्धा. त्यातले क्षार निघत राहिले, ते रोप खुरटलं. कुंडी निदान १५ सेंटिमीटर खोल घ्या आणि पांढरी घ्या. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत एप्रिलच्या दुपारी मुळं शिजतात.

ऊन मात्र भरपूर द्यायचं. पहिले सहा महिने मी झाड उत्तरेच्या गॅलरीत ठेवलं होतं, नाजूक म्हणून. पानं लांबलचक, लिबलिबीत, सापळे फिकट हिरवे आणि लहान. गच्चीवर नेलं तर दोन दिवसांत पानं करपली. मग एक-एक तास वाढवत, तीन आठवड्यांत त्याला सकाळी साडेसात ते दुपारी एकच्या उन्हाची सवय लावली. नवी पानं आखूड, रुंद आली आणि सापळ्याच्या आतली बाजू गर्द लाल झाली. मार्चच्या मध्यापासून मेअखेर वर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट असते.

खाऊ घालण्यात मी घाई केली. वाटायचं, खाल्लं की सापळे मोठे होतील. चिकनचा बारीक तुकडा दिला, तो सापळ्यातच सडला आणि सापळाही घेऊन गेला. आता वाळवलेले ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या, माशांच्या खाद्याच्या दुकानात मिळतात ते, दोन थेंब पाण्यात भिजवून चिमट्याने देते. सापळ्याच्या प्रत्येक पाकळीवर साधारण तीन केस असतात, आणि वीसेक सेकंदांत दोन स्पर्श झाले की तो मिटतो. पण मिटणं म्हणजे जेवण नव्हे. आत जीव धडपडत राहून आणखी स्पर्श झाले तरच तो घट्ट सील होतो आणि पाचक रस सुटतात. मेलेलं खाद्य धडपडत नाही. म्हणून मिटलेल्या सापळ्यावर बाहेरून बोटाने मिनिटभर हलकं दाबत राहायचं. महिन्यातून एका झाडाच्या एका-दोन सापळ्यांना पुरे. शेजारची मुलं गच्चीवर आली की सापळे मिटवायला बघायची. एक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो हे त्यांना समजावलं, आता तीच दुसऱ्यांना अडवतात.

एवढं सगळं करून दुसऱ्या उन्हाळ्यात सापळे कितीचे? २.२ सेंटिमीटर. साध्या जातीएवढे. पाणी बरोबर, ऊन बरोबर, झाड हिरवंगार, पण मोठं होईना. जानेवारीत तर ते मरगळलेलं असायचं, ना वाढ ना झोप.

कारण आमचा हिवाळा. इथे जानेवारीत रात्री पारा बारा अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी परत एकोणतीस. कॅरोलायनात या झाडाला तीन महिने खरी थंडी मिळते. तेव्हा ते सापळे टाकून जमिनीखालच्या कंदात जाऊन बसतं. आमच्याकडे त्याला धड निजू दिलं जात नव्हतं. म्हणून ठरवलं, हिवाळा फ्रिजमध्ये द्यायचा.

१५ डिसेंबरला कुंड्या रिकाम्या केल्या. मोठी पानं कात्रीने कापली, कंद पावसाच्या पाण्यात धुतले, गंधकाची भुकटी चोळली, ओल्या मॉसमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत घातले आणि भाजीच्या खणात ठेवले. तिथे थर्मामीटर पाच-सहा अंश दाखवतो. संध्याकाळी सासूबाईंनी खण उघडला.

‘‘अगं, मेथीशेजारी हे काय ठेवलंयस?’’

‘‘आई, ते किडे खाणारं झाड. झोपवलंय त्याला. फेब्रुवारीपर्यंत.’’

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पिशवी उघडून कंद हातात घेतला, मॉस दाबून पाहिलं. त्यांचं माहेर वाई तालुक्यातलं, हळदीचं घर. म्हणाल्या, ‘‘हे तर बेणं आहे. पण तू फार ओलं ठेवलंस. बेणं ओलं राहिलं की कुजतं, सुकलं की सुरकुततं. पिळून काढ आधी.’’ मी पिळून काढलं. मग त्याच दर आठ-दहा दिवसांनी पिशव्या बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात एकीवर करडी बुरशी त्यांनाच दिसली. तो कंद आतून मऊ झाला होता, टाकावा लागला. बाकीचे चार धुऊन, परत गंधक लावून ठेवले.

त्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हळदीत लावायला जाड बेणं निवडतात, कारण जेवढा कंद जाड तेवढा गड्डा मोठा. मी दोन वर्षं सापळ्यांकडे बघत होते, बघायला हवं होतं कंदाकडे. सापळ्याचा आकार बराचसा आदल्या वर्षीच्या साठवणीतून येतो. उन्हात कमावलेलं कंदात जातं आणि थंडीत ते खर्च न होता शिल्लक राहतं. ऊबदार हिवाळ्यात झाड ते झिजवत राहतं.

२० फेब्रुवारीला कंद बाहेर काढून लावले. आठवडाभर सावली, मग हळूहळू ऊन. मार्चमध्ये मधून जाड दांडा वर आला. तो फुलाचा, पानाचा नव्हे, कारण त्याचं टोक गोल असतं. पाच सेंटिमीटरचा असताना तो कापला. फूल येऊ दिलं तर झाडाची बरीच ताकद त्यात जाते. कापलेला दांडा पीटमध्ये खोचला तर त्यालाही कधीकधी बारीक पिल्लं फुटतात, माझ्या एकाला दोन फुटली. एप्रिलमध्ये सापळे ३.१ सेंटिमीटरवर आले. त्यानंतर आणखी एक हिवाळा फ्रिजमध्ये, आणि यंदाच्या मेमध्ये ते ४.६. खाणं आधीएवढंच दिलं.

यंदा फेब्रुवारीत कंद बाहेर काढले तेव्हा सगळ्यात मोठा लसणाच्या गड्ड्यासारखा झाला होता, तीन भाग सहज सुटे झाले. एक भाग मी पाचगणीला सासूबाईंच्या बहिणीकडे दिला, सोबत पाच लिटर पावसाचं पाणी आणि टीडीएस मीटर. तिथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आमच्यापेक्षा गार, दुपारही सौम्य. पण पावसाळ्यातलं धुकं कित्येक दिवस ऊन पडू देत नाही, त्याची मला काळजी आहे. मावशींनी झाड दक्षिणेच्या खिडकीबाहेर पत्र्याखाली ठेवलंय आणि दर रविवारी फोटो पाठवतात. कालच्या फोटोत सहा सापळे होते, एकात काळा मुंगळा. यंदा डिसेंबरात ते झाड बाहेरच ठेवायचं, माझी दोन फ्रिजमध्ये, आणि मार्चमध्ये तिन्ही कंद एकाच तराजूवर तोलायचे असं आमचं ठरलंय.