एवढ्याशा दोरीचे सहा हजार कसले?

माझं दुकान फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसांच्या हलक्या खोट्या आमिषाने मासे धरायच्या सामानाचं, आणि तिथे पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, फोनवर पण हेच, की रॉड (गळाची काठी) आणि रीलचा (दोरी गुंडाळायच्या चकरीचा) सेट तुम्ही आठ हजारात देताय मग नुसत्या लाइनचे सहा हजार कसे, शेवटी दोरीच ना ती. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो, कारण प्रश्न अगदी रास्त आहे आणि काउंटरवर दोन मिनिटांत याचं उत्तर होत नाही.

साध्या गळाला वजन असतं शिशाचं नाहीतर लूरचं (खोट्या माशाचं), ते पुढे जातं आणि लाइनला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे हूकवर बांधलेली पिसं, केस आणि दोरा, बहुतेक फ्लाय एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, तिला नुसतं फेकून ती जाणार किती लांब? म्हणून इथे वजन लाइनमध्येच घातलेलं असतं, आपण कास्ट करतो, म्हणजे फेकतो, ती लाइन, फ्लाय तिच्यासोबत जाते. रॉडवर 5 वेट किंवा 8 वेट लिहिलेलं असतं तो रॉडच्या वजनाचा आकडा नाही, त्यावर कुठल्या नंबरची लाइन चालेल ते सांगितलेलं असतं. लाइनच्या पुढच्या 30 फुटांचं वजन 5 नंबरला 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम, आणि 8 नंबरला 210 ग्रेन, म्हणजे साडेतेराच्या आसपास. हे वजन कुठे जाड कुठे बारीक असं बसवायचं यातच सगळी कारागिरी आहे. साध्या रॉडवर चांगली लाइन लावलीत तर नवशिक्यालाही महिन्याभरात बरं जमायला लागतं, आणि अमेरिकेतला हजार डॉलरचा रॉड आणून त्यावर भलतीच लाइन चढवलीत तर सगळा गुंता पायाशी पडतो.

आता आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम, जो ऑनलाइन ऑर्डर करताना कोणी सांगत नाही. ट्राउट माशासाठीच्या लाइन्स थंड पाण्यासाठी बनवलेल्या असतात, आतला कोअर आणि वरचं कोटिंग दोन्ही मऊ. तीच लाइन मे महिन्यात ऐरोलीच्या बाजूला खाडीवर काढा, शेवयांसारखी लुळी पडते, चिकट होते, रॉडच्या गाइडमधून (कड्यांमधून) सुटतच नाही. गरम हवेसाठी ट्रॉपिकल लाइन वेगळी येते, कडक कोअरची. ती घेऊन हिमाचलात तीर्थनला गेलात तर थंडीत तिची स्प्रिंग होते, वेटोळी सुटत नाहीत. म्हणजे एप्रिलमध्ये ट्राउटला जाणारा आणि इथे खाडीत जिताडा माशाच्या मागे लागलेला माणूस एकच असला तरी त्याला लाइन दोन लागतात, आणि हे मी आधीच सांगतो, मग भले तो त्या दिवशी काहीच न घेता जाईना.

किंमत कशी ठरते तेही सांगतो. बाहेरून माल येतो तेव्हा कुरिअरवाले नुसतं खरं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. चार तुकड्यांचा 9 फुटी रॉड शंभर ग्रॅमच्या आसपास, पण ट्यूबसकट खोकं 82 बाय 10 बाय 10 चं झालं की 1.64 किलोचं भाडं लागतं. लाइनचं खोकं छोटं, तिथे भाड्याचा फटका कमी, पण मूळ खरेदीच महाग. त्यावर कस्टम, त्यावर जीएसटी, आणि डॉलर हलला की पुढची खेप वेगळ्या भावाने येते. पॅकवर एमआरपी आणि इम्पोर्टरचं नाव-पत्ता असावाच लागतो आणि एमआरपीच्या वर विकता येत नाही, तो कायदाच आहे, आणि मला तो बरोबर वाटतो. सुरुवातीच्या सेटवर मी मुद्दाम कमी ठेवतो म्हणजे तुमच्या खिशात लाइनसाठी पैसे उरतात. माझं दुकान चालतं ते लाइन, लीडर, टिपेट (लाइन आणि फ्लाय यांच्या मधले बारीक धागे) आणि फ्लायवर, कारण हे झिजतं, तुटतं, तिवराच्या मुळांत अडकतं, आणि माणूस परत येतो. शिवाय ठाण्याचा पावसाळा! चार महिने हूक गंजतात, रॉडच्या कॉर्कवर बुरशी धरते, सिलिका जेलची पाकिटं बदलत बसावं लागतं, आणि त्याच महिन्यांत नद्या गढूळ, गिऱ्हाईक जवळपास नाहीच. तो खर्च पण किमतीत आहे, लपवून काय करू.

फ्लायचं विचाराल तर जिताड्यासाठीची पांढरी क्लाउजर नावाची फ्लाय दीडशेला देतो. तिच्यावर बांधलेल्या धातूच्या डोळ्यांच्या वजनामुळे तिचा हूक उलटा, टोक वर करून चालतो, त्यामुळे मुळांत कमी अडकते. चांगला हात असला तरी एका तासात अशा सहा-सात होतात, बांधणाऱ्याला तासाचे नीट पैसे मिळायला हवेत, तिथे मी घासाघीस करत नाही आणि कोणी केलेली आवडतही नाही. एक गोष्ट मात्र कितीही पैसे दिलेत तरी मिळणार नाही, राखी रानकोंबड्याची मानेची पिसं. जुन्या सॅल्मन फ्लायमध्ये ती वापरतात, काही हौशी लोक हळूच विचारतात, पण तो आपल्या सह्याद्रीतला पक्षी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी मी ती ठेवली नसती.

तर बजेट कमी असेल तर माझं म्हणणं एवढंच, रॉड साधा घ्या, रीलवर अजिबात खर्च करू नका (5 वेटला रील म्हणजे लाइन गुंडाळून ठेवायची जागा, 8 वेटला आणि खाऱ्या पाण्यात मात्र चांगला ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लागणारा ब्रेक, लागतो) आणि उरलेले पैसे लाइनवर घाला. पटत नसेल तर पैसे देऊच नका आधी, रविवारी सकाळी मैदानावर या, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधू, तुमच्याच रॉडवर आधी तुमची ऑनलाइनवाली लाइन मारून बघा आणि मग माझी, दोन्हीतला फरक हाताला कळेल. नाहीच कळला तर घेऊ नका.